तिरोडकर शेटांची समुद्रातली तार

मंडळी, एक विचारतो. रुसलेल्या भावाला 'ये' म्हणायला किती वेळ लागतो? — हं, पेटीवाले, सूर धरा, मान खाली घालू नका! तुमचं आम्हाला ठाऊक आहे!

तर ऐका. आपल्याकडं तारायंत्र नुकतंच आलेलं. कोकणातल्या एका बंदरात भास्करशेट तिरोडकर नावाचा नारळ-सुपारीचा बडा व्यापारी. धाकटा भाऊ अच्युत समुद्रातल्या बेटावर वखार सांभाळी. दोघांचं बिनसलं. कशावरून? वाटणीवरून! दुसरं कशावरून बिनसतं हो आपलं? शेटजी भर अंगणात ओरडले, "मेलास तरी तुझं तोंड बघणार नाही!" झालं! बोलून बसले.

पुढं राग ओसरला, पण शपथ कशी मोडायची? मग या गृहस्थानं काय केलं? बंदरापासून बेटापर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकायचं काढलं! तांब्याची तार, वर झाडाचा चीक, वर डांबरलेला दोर. तुटली. पुन्हा टाकली. पुन्हा तुटली! राहतं घर विकलं. लोक म्हणाले, शेटला बेटावरचा नारळाचा भाव कळायची घाई. आणि हे जेवताना बायकोला काय सांगत? "अगं, तारेतून बोललं की तोंड बघावं लागत नाही!" — हसताय? हसा.

वैशाखात तार बेटाला लागली, ज्येष्ठात सुरू करायचं ठरलं. पावसामुळं होड्या बंद झालेल्या. बंदरावर मांडव, तोरणं, संस्थानचे दिवाण खुर्चीत! यंत्राचा काटा हलला. बेटावरून पहिला निरोप आला. तारमास्तर पेस्तनजींनी वाचला — "अच्युतशेट अत्यवस्थ. दादाचा एक शब्द मागतात."

शेटजी यंत्रापाशी धावले. पेस्तनजी म्हणाले, "शेट, काटा अगदी मंद हलतोय. तार कुठंतरी दुखावलीय. दोन अक्षरं सांगा, पटकन लावतो."

सांगावं की नाही? बोला की! पण समोर दिवाण. पहिला मान त्यांचा! शेटजी म्हणाले, "आधी दिवाणसाहेबांचा निरोप जाऊ दे. मग घरचं."

दिवाणांचा निरोप बेटाच्या अंमलदाराला, तोही मायन्यासकट! राजमान्य राजेश्री, अखंडितलक्ष्मीअलंकृत... अहो, एकेक अक्षर काटा हलवून पाठवायचं! काटा मंदावत चालला. पेस्तनजींनी हात जोडले, "शेट, मायना गाळू या?" दिवाणांच्या भुवया चढल्या. शेटजी घाबरून ओरडले, "मायना कसा गाळणार? विजेचा जोर वाढवा!"

वाढवला. काटा थाडकन आपटला आणि थांबला. समुद्राच्या पोटात तार जळाली! शेटजी यंत्राला तोंड लावून ओरडले, "अच्युता, ये रे! ये!" कोण ऐकणार?

नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या. पहिल्या होडीतून पांढऱ्या कपाळाची भावजय उतरली. म्हणाली, "भावोजी, तारवाल्यानं तुमचंच उत्तर समजून आलं तेवढं धावत आणून दिलं. मी वाचून दाखवलं — राजमान्य राजेश्री, अखंडितलक्ष्मी. ते म्हणाले, यात दादा कुठं आहे गं? पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. वाचत होते, तेव्हाच गेले."

शेटजी पुढं बरीच वर्षं जगले. जगले म्हणायचं. कुणी रामराम केला तरी तोंड उघडत नसत.

मंडळी, तुम्हाला तार टाकायला नको, घर विकायला नको. फोन खिशात आहे! सकाळी उठून फुलांची चित्रं साऱ्या गावाला पाठवता, आणि सख्ख्या भावाला? आरतीचं नंतर बघू. उठा, बाहेर जा, बोलून या. मी थांबतो.

आणि ज्यांचं माणूसच आता राहिलं नाही, त्यांनी इथंच बसा, माझ्याजवळ. तुम्हाला सांगायला माझ्यापाशी काही नाही.