कागदाच्या केळीला वारा

कुणाला सांगू नका, पण एके काळी माझाही केळीचा मळा होता. टेबलावर!

नव्वद-ब्याण्णवची गोष्ट. तेव्हा आम्ही जळगावला होतो. गणपतीच्या आराशीत मी खेळण्यातली रेल्वे बसवत होतो. रुळांशेजारी आपल्याकडचा मळा हवा, म्हणून आठ दिवस खपून बोटाएवढ्या चाळीस केळी केल्या. उदबत्तीच्या काडीला कागद गुंडाळून बुंधा, वर हिरव्या कागदाची पानं.

गणपतीच्या आदल्या दिवशी माझे सासरे, नाना, चोपड्याहून आले. जन्म केळीत गेलेला माणूस. चष्मा लावून त्यांनी मळा निरखला.

“जावईबापू, बठ्ठं झकास शे. पन तुमना गावमा वारा येत नही का?”

“का हो नाना?”

“एक बी पान फाटेल नही!”

मी नको म्हणायच्या आत त्यांनी अंगठ्याच्या नखाने पानं चिरायला घेतली. आता सासऱ्यांचा हात कसा धरणार? पण खरं सांगतो, पानं फाटून लोंबली आणि मळा जिवंत झाला.

“आते देखा!” म्हणत नाना हौसेने माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या कोपराने कडेची अख्खी ओळ रुळांवर आडवी झाली.

माझं तोंड पडलं. बायको दारातच थिजली. नानांनी पडलेल्या केळी शांतपणे न्याहाळल्या आणि म्हणाले,

“वारा जरा जास्तीच व्हयना. तलाठीले बलावा, पंचनामा करी ल्या!”