चाचांनी खण मोजला

वर्षातून एकदा माल मोजून काय होते भाऊ? आमच्या हबीबचाचाचं ऐका. महाराष्ट्र नुकताच झालता. मी पांढरकवड्याले त्यायच्या मोटारपार्टच्या दुकानात कामाले होतो. चाचा रोज एक खण मोजत आणि वहीशी ताडून पाहत.

एक दिवस लहान फॅनबेल्टच्या खणात एक पट्टा जास्त निघाला. मी म्हटलं, "फायदाच झाला!"

चाचा भडकले. "हासून काय राह्यला? मोठे मोज!"

मोठ्यात एक कमी.

"सकाळी एकच पट्टा विकला, त्या ट्रकच्या ड्रायव्हरले. त्याले लहान्याच्या जागी मोठा गेला. जाय, आदिलाबाद रोडनं गेला तो!"

मी लहान पट्टा घेऊन तिकडंच जाणाऱ्या दुसऱ्या ट्रकमध्ये बसलो. पुढं तो ड्रायव्हर बॉनेट उघडून शिव्या देत उभा. जुना पट्टा तुटलेला, नवा ढिला. मी लहान पट्टा पुढं केला.

"तुले कसं समजलं?"

"चाचांनी खण मोजला."

त्यानं कानाले हात लावला.

आठवड्यानं एक अनोळखी ड्रायव्हर दुकानात आला. चाचाच्या पाया पडून म्हणे, "चाचा, माही म्हैस हरपली. जरासा खण मोजून सांगा ना."