आर्थिक वा इतर

ताई : पाय हलवू नकोस. बाक हलतोय.

वकील : स्वतःच्याच नियतकालिकाच्या संपादक मंडळानं तुला दाराबाहेर बसवलंय, आणि तुला बाकाची पडलीय!

ताई : लेख तुझा, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाचा. अशा वेळी मुख्य संपादकानं बाहेर जायचं. नियम मीच केलाय.

वकील : छान केलायस.

ताई : टोमणे पुरेत. लेखात ज्या निकालाला तू चूक ठरवलंस, शिंप्याचं दुकान गेलं तो, तो खटला तूच लढला होतास. ही एक ओळ लेखात का नाही?

वकील : होती की! पाठवायच्या आधी तुला फोन केला. एक विचारायचंय म्हणालो, तर ‘मला काही विचारू नकोस, नियम वाच’ म्हणून ठेवून दिलास. वाचले. लेखकाची ओळख पटेल असं लेखात काही नको, छापण्याआधी तो तपासणाऱ्यांना नाव कळता कामा नये. मग ‘मी या खटल्यात वकील होतो’ कसं ठेवणार? काढलं.

ताई : अरे, ते वेगळ्या पानावर सांगायचं असतं. हितसंबंधांच्या. ते तपासणाऱ्यांकडे जात नाही.

वकील : त्यावर ‘आर्थिक’ होतं. शिंप्याकडून मी छदामही घेतला नव्हता. ‘नाही’ लिहिलं.

ताई : ‘आर्थिक वा इतर’ आहे.

वकील : ‘वा इतर’ कोण वाचतं?

ताई : वकील वाचतो.

वकील : ...हो. वाचायला हवं होतं. हरलो होतो ना गं. ते परत कुठं लिहावं लागलं नाही, बरंच वाटलं असेल मला.

ताई : लेख मी नुसता चाळला असता तरी ओरडले असते, अरे, ही तर तुझीच केस! आईच्या आजारपणात तारखांना पळायचास, ती. पण हात लावला नाही. बहिणीनं छापून आणला म्हणायला नकोत कुणी.

वकील : तुझं काय चुकलं त्यात?

ताई : काहीच नाही. तेच सलतंय.

वकील : माझं जाऊ दे. वरच्या कोर्टात अशाच जागेच्या खटल्यात एका खानावळवाल्या बाईंच्या वकिलानं आधार म्हणून हाच लेख जोडलाय. म्हणून तर समोरच्यांनी तुमच्याकडे तक्रार केली. लेख मागे घेतला, तर त्यांचीही जागा जाईल.

(दार उघडून सहसंपादक बाहेर येतात.)

सहसंपादक : बसा मॅडम, उठू नका. लबाडी झालेली नाही, हे सगळ्यांनी मान्य केलंय.

वकील : मग खुलासा छापून भागेल?

सहसंपादक : मी तेच म्हणत होतो. पण बाकी दोघांचं म्हणणं, तपासणाऱ्यांनी लेख त्रयस्थाचा समजून पसंत केला. हरलेल्या वकिलाचा आहे हे कळतं, तर वेगळ्या नजरेनं वाचला असता. मागे घ्यायचं ठरलं. मॅडम, तुमचं मत असतं तर...

ताई : म्हणूनच नव्हतं.

वकील : बरोबर आहे त्यांचं. मीही तसंच म्हटलं असतं. साइटवरून काढणार?

सहसंपादक : नाही, राहतो. फक्त प्रत्येक पानावर आडवं ‘मागे घेतला’ असं येतं.

वकील : बाईंच्या वकिलाला मीच सांगतो. दुसऱ्याकडून कळायला नको.

ताई : निर्णय झाला म्हणजे आता माझ्यावरचं बंधन संपलं ना?

सहसंपादक : संपलं, मॅडम.

ताई : मग लेखाची एक प्रत काढून आणता?

वकील : आता काय करणार आहेस तिचं?

ताई : वाचणार आहे. तू बस इथंच.