बोट वर की खाली?

दुपार पेंगत होती. दवाखान्याच्या बाकावर चित्रकलेच्या बाई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारे शिंपी डोळे मिटून बसले होते आणि त्यांची बायको त्यांचं बोट धरून हलवत होती.

"सांगा, बोट वर की खाली?"

"आधी बोट आहे कुठं ते सांग. हात ढगात ठेवल्यासारखा वाटतोय."

"माझ्या हातात आहे. डोळे उघडायचे नाहीत."

"गंमत बघ, सुई टोचली की कळतं, पण सुई धरलीय हे कळत नाही."

"डॉक्टर म्हणाले ना, दुखण्याची खबर नेणारे मज्जातंतू वेगळे, स्पर्शाची नेणारे वेगळे. आणि हात कुठं आहे ते सांगणारे स्नायूंत, सांध्यांत बसलेले."

"ते झोपलेत सगळे."

"म्हणून तर उठवतेय. सांगा."

"वर."

बोट खाली होतं.

"बरोबर!"

"खोटं. चाळीस वर्षांत माझं बरोबर आलेलं इतक्या पटकन कबूल केलंयस कधी?"

"बरं बाबा, चुकलं."

"शिलाईमशीन विकून टाकू या."

"आधी हे सांगा. आता?"

लांबून आलेली हाक ऐकावी, तशी शिंप्यांनी मान कलती केली.

"खाली... नाही, थांब. हललं. वर नेतेयस. हळूहळू, वर."

बायकोनं बोट वरच धरून ठेवलं.

"अगं, बोल की! चुकलं का?"

बायकोनं ते बोट आपल्या ओल्या गालाला टेकवलं.

"बरोबर आहे, आजोबा," चित्रकलेच्या बाईच म्हणाल्या. "अगदी बरोबर."