समन्स आलं की दार उघडायचं

ताईंच्या आई, ताईंचे दादा, आणि विहारात जमलेल्या माझ्या बायाबापड्यांनो, सगळ्यांना जय भीम.

मी मंगल. राहते इथंच, चिखलीत. महाळुंग्याला प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर कामाला आहे. माइक कधी हातात धरला नाही. आज मनात नुसतं दुःख नाही. मी घाबरलेय. खरं सांगते, जाम घाबरलेय.

संघमित्राताई वकील होत्या. पण आपल्याला त्या माहीत कशासाठी? कोर्टाचे शब्द समजावून सांगायच्या म्हणून. रविवारी वंदना झाली की इथंच सतरंजीवर बसायच्या. म्हणायच्या, "शब्दाला घाबरू नका गं, अर्थ विचारा." जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटला असं नाही, खटला चालूच असतो. आरोपी म्हणजे गुन्हेगार नाही, अजून काही शाबित झालेलं नसतं. किती वेळा सांगितलं! आणि आपण किती वेळा विसरलो!

माझ्या शेजारच्या मशीनवर रेखा होती. प्रेस खाली आली आणि तिचा हात गेला. माल लवकर निघावा म्हणून ठेकेदारानं सेन्सर, म्हणजे हात आत असला की मशीन थांबवणारा, बंद करून ठेवला होता. मी तिथंच होते. ठेकेदारावर केस झाली, आणि साक्षीसाठी मला समन्स निघालं.

समन्स आलं की आपल्या वस्तीत काय करतात? बाहेरून कुलूप लावायचं, किल्ली शेजारणीकडं द्यायची आणि आत गप बसायचं. हसताय काय? माझ्या दाराला कुलूप तुम्हीच लावलंत की! बाहेर पोलीस दार वाजवतोय, आत मी तोंडावर पदर दाबून बसलेय. नवरा कानात म्हणतोय, "आता तुला आत टाकणार."

ताईंना कळलं. तडक आल्या. बाहेरूनच ओरडल्या, "मंगल, अगं समन्स म्हणजे बोलावणं! अटक नाही! बोलावूनही गेली नाहीस, तर मग वॉरंट निघेल." मी आतून विचारलं, "ताई, पण मी काय गुन्हा केला?" त्या म्हणाल्या, "काही नाही. तू साक्षीदार आहेस. स्वतः पाहिलंस तेवढं सांगायचं. ऐकीव नाही, मनाचं नाही. बास." तेव्हा कुठं शेजारणीनं कुलूप काढलं.

पण भीती अशी जाते का हो? ठेकेदाराचा माणूस गेटवर भेटला. गोड बोलला. "वहिनी, लेकरं शाळेला पायीच जातात ना?" एवढंच. फितूर साक्षीदार म्हणजे काय, ते ताईंनीच सांगितलं होतं. पोलिसांना एक सांगायचं आणि कोर्टात उभं राहून फिरायचं. तो मला तेच करायला सांगत होता.

मी रडत ताईंकडं गेले. त्यांनी मला आधी पोलीस चौकीत नेलं, तक्रार द्यायला लावली. मग म्हणाल्या, "कोर्टात मी येते. पिंजऱ्यात उभी राहिलीस की माझ्याकडं बघून बोल."

आणि या मंगळवारी ताईच गेल्या. हार्ट अटॅक.

ताई, आता मी कुणाकडं बघू? सोमवारी खेडच्या कोर्टात माझी साक्ष आहे. रात्रंदिवस लेकरांचा घोर लागलाय. रेखा इथं पुढंच बसलीय, डाव्या हातानं डोळे पुसतेय. तिच्याकडं बघितलं की वाटतं, फिरायचं नाही. दाराकडं बघितलं की वाटतं, परत कुलूप लावून आत बसावं. तिथं ठेकेदाराची माणसं उभी आहेत, तुम्हालाही दिसतंय. त्यांनीही ऐकावं. मी सोमवारी जाणार आहे. पण एकटीनं जायचा धीर माझ्यात नाही. नाहीच.

आता ताईंसाठी आपण सगळे उभे राहू, डोळे मिटून गप्प राहू. थोड्या वेळानं भंतेजी आपल्याला बसायला सांगतील. सोमवारी ज्यांना माझ्याबरोबर यायचंय, त्यांनी तेव्हा बसू नका.