एउदोमारचा ग्लोव्ह

अहो, तो नको — तेवढा खिळ्यावरचा सोडून दुकानातला कुठलाही ग्लोव्ह हातात घालून बघा. तो विकायचा नाही, दुरुस्तीला आलाय. कधी आला? झाली की अकरा वर्षं. हसा, हसा — अख्खं बार्किसिमेतो हसतं, या निकासियोकडे टाकलेला ग्लोव्ह नातवाच्या हाती पडतो म्हणतात. साफ खोटं! माझ्याइतक्या झटपट वाद्या ओवणारा या गावात दुसरा नव्हता. तेच तर नडलं.

एउदोमार येपेस — ऐकलंय ना नाव? आमच्या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप. दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहायचा, आणि त्या फटीतून चेंडू सोडा, वारासुद्धा त्याला विचारून जायचा. सोळाव्या वर्षी अमेरिकेतल्यांनी सही घेऊन नेला. सात वर्षं तिकडच्या आडगावांतून बसनं हिंडला, गार पाव चावत, आईच्या हातच्या मक्याच्या आरेपा आठवत — आणि मग एकदाचा मोठ्या संघात उभा राहिला. दोन मोसम! टीव्हीवर पहिल्यांदा दिसला तेव्हा मी गिऱ्हाईक समोर असताना रडलोय, इथंच.

आता रीत तुमच्या काराकासलाही तीच — तिकडे कितीही मोठा हो, ऑक्टोबर आला की घरी यायचं नि गावच्या संघाकडून खेळायचं. न खेळला तो आईला विसरला. त्या साली तो आला एका शनिवारी, ग्लोव्ह या फळीवर ठेवून म्हणाला, "काका, वाद्या सैल झाल्यात. फेब्रुवारीत जाताना नेईन, घाई नाही." फेब्रुवारीत! इथला मोसम तर जानेवारीतच संपतो — म्हणजे गडी खेळणार नाही. खांदा दुखत होता त्याचा, तिकडच्या डॉक्टरनं फेकाफेक बंद केलेली — पण हे मला मागाहून कळलं. काय करणार, मागाहूनच कळलं.

मग मी काय केलं? त्याची पाठ फिरताच आरी उचलली, वाद्या ओवल्या, तेल चोळलं, आणि रविवारी स्वतः गेलो घेऊन. अंगणात बोकड शिजत होता, आळी जमलेली. सगळ्यांदेखत त्याच्या मांडीवर टाकला — "घ्या साहेब, झाला तयार! आता कुठलं निमित्त काढताय?" काय हशा पिकला म्हणता! त्याची आई, डोन्या एर्सिलिया, तेवढी हसली नाही. तो हसला. म्हणाला, "काका, मी तुम्हाला काल खांद्याचं सांगितलं होतं ना?"

...हो. सांगितलं होतं. याच फळीला टेकून.

तिसऱ्याच सामन्यात — तिसऱ्या बेसच्या मागं, पार खोलात चेंडू अडवला, अंगाला पीळ देऊन पहिल्या बेसवर फेकला. बाद झाला हो समोरचा! आम्ही नाचत होतो. हा गुडघ्यावर बसलाय हे कुणाच्या ध्यानातच नाही. खांदा कापला, शिवला. मार्चात तिकडून संघातून काढल्याचं पत्र आलं. संपलं.

त्यानंतर एकदाच दुकानात आला. उजवा हात गळ्यात. ग्लोव्हची एक वादी दातांनी ओढून काढलेली. डाव्या हातानं स्वतःच त्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाला, "आता सावकाश करा, काका."

हल्ली किबोरचे कांदे विकतो. दर मंगळवारी त्याचा ट्रक इथून जातो, दोनदा हॉर्न वाजवतो. थांबत नाही. — काय? ओवून का टाकत नाही, दहा मिनिटांचं तर काम? अहो, काम झालं की गिऱ्हाईक माल उचलतं नि जातं. काम बाकी आहे तोवर त्याला माझ्याकडे यायचंच असतं की नाही? बरं, तुम्ही तो तपकिरी घ्या, चामडं मऊ आहे, तुमच्या हाताला —

थांबा. एक... दोन...

गेला. तुम्ही या आता. जाताना दार ओढून घ्या.