ओला फडका

ईटच्या फाट्यावर आमी एसटीची वाट बघत होतो. समोर भर उन्हात एक मोटार बंद पडली. नवरा घामाघूम होऊन हँडल मारत होता. बायको मागच्या शिटावरून उतरली.

“अहो, हँडल सोडा. पेट्रोलचा पंप तापलाय. त्याच्यावर ओला फडका टाका.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“मागल्या खेपेला ड्रायव्हरनं हेच केलं. तुम्ही लिंबाखाली झोपला होता, म्या सगळं बघितलं.”

“बॉनेटला हात लावू नको. लोक बघायलेत.”

“बघू द्या. तांब्या आणा इकडं.”

“अगं, प्यायचं पाणी हाय ते!”

“व्हय. थांबा जरा... आता मारा हँडल.”

“झाली की चालू! चल, बस मागं.”

“मी पुढं बसणार.”

“अगं, लोक बघायलेत!”

“बंद पडली तवाबी बघतच होते.”